चित्त्याचे स्वागत, माळढोकाचा जनाजा

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते खास विमानाने ग्वाल्हेरला उतरले आणि तिथून हेलिकॉप्टरने मध्य प्रदेशातल्या कुनोला पोहोचले. त्या दिवशी पंतप्रधानांचा वाढदिवस होता. त्यांनी पिंजऱ्याचे दार उघडले, हातात कॅमेरा घेऊन फोटो काढले आणि दिवसभर वृत्तवाहिन्यांना दुसरा विषय उरला नाही. पाच महिन्यांनी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा चित्ते आले. सत्तर वर्षांनी चित्ता मायदेशी परतला, हे घराघरात पोहोचले.

सोलापूरजवळच्या नान्नजला काय चालले आहे, हे मात्र कुणी विचारले नाही. तिथे माळढोक नावाच्या पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले होते. आज तिथे एखादा पक्षी दिसला तरी स्थानिक वर्तमानपत्रात बातमी होते. संपूर्ण देशात हे पक्षी दीडशेहून कमी उरले आहेत. त्यातले जवळपास सगळे राजस्थानच्या जैसलमेर भागात आहेत. १९६९ च्या सुमारास हीच संख्या बाराशेच्या वर असल्याचा अंदाज होता. जगात हा पक्षी भारताबाहेर जवळजवळ नाहीच. पाकिस्तानच्या वाळवंटात मोजके दिसतात, तेवढेच. म्हणजे तो इथे संपला की जगातून संपला. नामिबियातून आणायला दुसरा माळढोक मिळणार नाही.

पाहुण्याला पंगत आणि घरच्याला उपास, अशी ही तऱ्हा आहे. मला चित्त्याचा राग नाही. प्राण्याने काय गुन्हा केला? राग आहे तो कशाला आधी वाचवायचे हे ठरवण्याच्या आपल्या पद्धतीचा. आपल्याकडे हे संकट पाहून ठरत नाही, सोहळा पाहून ठरते.

न्यायालयाने काय सांगितले होते?

हा वाद नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१३ रोजी याच विषयावर सविस्तर निकाल दिला होता. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. चंद्रमौली प्रसाद यांच्या खंडपीठापुढे मूळ प्रश्न आशियाई सिंहाचा होता. हा सिंह फक्त गुजरातेत, गीर आणि त्याच्या आसपास उरला आहे. एखादी साथ आली तर सगळी जात एकाच वेळी धोक्यात येईल, म्हणून त्याचे दुसरे घर उभारावे, असे शास्त्रज्ञ अनेक वर्षे सांगत होते. त्यासाठी कुनोची निवड झाली होती. सिंहासाठी तिथून २४ गावे उठवली गेली. दीड हजाराहून अधिक कुटुंबे हलली आणि त्यातली बहुतेक सहरिया आदिवासींची होती.

न्यायालयाने सिंह सहा महिन्यांत कुनोला हलवायला सांगितले आणि आफ्रिकन चित्ता आणण्याचा निर्णय रद्द केला. त्याच निकालात माळढोक, बंगाल फ्लोरिकन, समुद्री गाय अर्थात डुगाँग, मणिपूरचे संगाई हरीण आणि रानम्हैस यांची नावे घेऊन, ज्या देशी प्रजाती संपत चालल्या आहेत त्यांच्यासाठी तातडीने पावले उचला, असे केंद्राला बजावले. यात आपली रानम्हैसही आहे, गडचिरोलीच्या कोलामार्कातली.

पुढे काय झाले? गुजरातने सिंह दिले नाहीत. २०१८ साली गीरमध्ये विषाणूची साथ येऊन वीसहून अधिक सिंह मेले, तरीही दिले नाहीत. राज्याचा 'अभिमान' दुसऱ्या राज्यात कसा पाठवायचा, हा तो पेच. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयानेच प्रायोगिक तत्त्वावर चित्ता आणायला परवानगी दिली. म्हणजे ज्या सिंहासाठी आदिवासींनी गावे सोडली तो आलाच नाही. त्यांनी रिकाम्या केलेल्या शेतांवर वाढलेल्या गवतात आज आफ्रिकेचा चित्ता फिरतो आहे. या देशात विस्थापन आधी होते आणि कारण नंतर बदलते, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पैसा कुठे गेला?

प्राधान्य भाषणातून कळत नाही, ते अंदाजपत्रकातून कळते. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी चित्ता प्रकल्पाला केंद्राने ३८ कोटी ७० लाख रुपये दिले. त्याशिवाय इंडियन ऑइलने ५० कोटी २२ लाख रुपयांचा करार केला. माळढोकासाठी २०१६ साली मंजूर झालेली अधिवास सुधार आणि प्रजननाची योजना ३३ कोटी ८५ लाखांची होती आणि तीही कित्येक वर्षांसाठी. म्हणजे जो प्राणी आफ्रिकेत अजून हजारोंच्या संख्येने आहे त्याच्यावर जास्त आणि जो पक्षी जगात दीडशेच्या आत आहे त्याच्यावर कमी. कोणत्याही दवाखान्यात असा हिशेब चालेल का? अतिदक्षता विभागातला रुग्ण सोडून डॉक्टर पाहुण्याची तपासणी करत बसला, तर नातेवाईक काय म्हणतील?

वाघाला पैसा जास्त मिळतो, हेही खरे. पण व्याघ्रप्रकल्प १९७३ साली नऊ अभयारण्यांपासून सुरू झाला तेव्हा वाघ खरोखर संपत होता. २०२२ च्या गणनेत वाघांची संख्या ३,६८२ असल्याचा अंदाज आला. पन्नास वर्षे चिकाटीने पैसा, माणसे आणि जागा दिली तर प्राणी परततो, हे वाघाने सिद्ध केले. मग हीच चिकाटी माळढोकाच्या, तणमोराच्या, रानम्हशीच्या वाट्याला का येत नाही? कारण वाघ पाहायला पर्यटक येतो, जिप्सी चालतात, रिसॉर्ट उभी राहतात. गवतात दडलेला करडा पक्षी पाहायला कोण येणार?

माळरान म्हणजे पडीक?

खरा घोळ पक्ष्याच्या पुढचा आहे. माळढोक जिथे राहतो ते माळरान सरकारी कागदावर अस्तित्वातच नाही. सातबाऱ्यावर ते 'पोटखराबा' आहे, महसूल खात्यात 'पडीक' आहे आणि केंद्राच्या नकाशात 'वेस्टलँड' आहे. हा शब्द इंग्रजांनी दिला. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती वाया गेलेली, असा त्यांचा साधा हिशेब होता. इंग्रज गेले, हिशेब राहिला. एखाद्या जमिनीला एकदा 'पडीक' म्हटले की तिथे काहीही करायला मोकळीक मिळते. औद्योगिक वसाहत आणा, सौरपार्क आणा, कचरा डेपो आणा. आणि काहीच सुचले नाही तर झाडे लावा.

होय, झाडे लावणे हीसुद्धा माळरानावरची आपत्ती असू शकते. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी अशी चढत्या भाजणीने वृक्षलागवड झाली. एवढी झाडे लावायला जागा कुठून आणणार? हात साहजिकच माळाकडे वळतो. वर्षानुवर्षे आपण माळावर खड्डे घेतले आणि गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली. पण माळ हे नासलेले जंगल नाही. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या, उथळ मुरमाड जमिनीवर हजारो वर्षांत घडलेली ती स्वतंत्र परिसंस्था आहे. काळवीट, लांडगा, खोकड, तणमोर, धाविक, चंडोल हे सगळे मोकळ्या जागेचे जीव. माळढोक जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालतो. दूरवर नजर पोहोचली तरच त्याला शत्रू दिसतो. त्याच्या भोवती झाडांची भिंत उभारणे म्हणजे त्याच्या घरात अंधार करणे.

संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविषयक परिषदेत २०१९ साली भारताने स्वतः दिलेल्या आकडेवारीनुसार, २००५ ते २०१५ या दहा वर्षांत देशातील गवताळ प्रदेश एक तृतीयांशाच्या जवळपास घटला. सुमारे ५६ लाख हेक्टर गवत गेले. एवढे जंगल दहा वर्षांत तुटले असते तर देशात आंदोलने झाली असती. गवत गेले, कुणाला कळलेही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की प्राधान्य ठरवताना प्राण्यांची यादी नंतर करा. आधी अधिवासांची यादी करा. या देशात सगळ्यात कमी संरक्षण कुठल्या अधिवासाला आहे? उत्तर 'माळरान' असेच येईल. तिथून सुरुवात करा.

नान्नजचा धडा

इथे एक आक्षेप येतो की अभयारण्य तर केले होते, मग पक्षी का गेला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरकारला आवडणारे नाही.

१९७९ साली माळढोकासाठी सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात तालुक्यांचे तालुके आले. गावे आली, शहरे आली, बागायती आली, रस्ते आले. प्रत्यक्षात पक्ष्याच्या उपयोगाचा माळ त्यातला अगदी थोडा होता. परिणाम काय झाला? शेतकऱ्याला जमीन विकायला अडचण, विहीर खोदायला परवानगी, उद्योगाला हरकत. ज्याने आयुष्यात माळढोक पाहिला नाही त्याला त्याच्या नावाचा राग आला. 'हा पक्षी कधी मरतो' असे लोक उघड म्हणू लागले. शेवटी प्रकरण न्यायालयात जाऊन अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. तोवर उजनीचे पाणी फिरले होते, ज्वारी-करडईच्या जागी ऊस आला होता, कारखान्यांची धुराडी उभी राहिली होती आणि मधले माळ तुकड्या-तुकड्यांनी गेले होते.

सगळेच राखीव म्हणजे काहीच राखीव नाही, हा नान्नजचा धडा आहे. सुरुवातीलाच पाचशे चौरस किलोमीटर नीट निवडले असते, तिथल्या शेतकऱ्याला ज्वारी, हरभरा, भुईमूग घेण्यासाठी दरवर्षी मोबदला दिला असता, विणीच्या काळात मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त केला असता, तर चित्र वेगळे दिसले असते. प्राधान्य ठरवणे म्हणजे काही गोष्टी सोडून देण्याची हिंमत दाखवणे. आपण कागदावर सगळे धरले आणि जमिनीवर सगळे सोडले.

तारांचा फास

राजस्थानात उरलेल्या पक्ष्यांचा प्रश्न आणखी अवघड आहे. माळढोक उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना आहेत, त्यामुळे समोरचे नीट दिसत नाही. उडताना विजेची तार जवळ आल्यावर दिसली तरी एवढे धूड ऐनवेळी वळत नाही. थरमध्ये तारांना धडकून दरवर्षी सुमारे १८ माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. ज्या पक्ष्याला वर्षाला एखादेच पिल्लू होते, त्याला हा हिशेब झेपणारा नाही.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा शक्य तिथे जमिनीखालून न्या, असा आदेश दिला. हा आदेश सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरला लागू होत होता. सौर आणि पवनऊर्जा कंपन्या आणि सरकार न्यायालयात गेले. एवढ्या क्षेत्रात ते शक्य नाही, खर्च अफाट आहे आणि हवामान बदल रोखायला सौरऊर्जा हवीच, असा त्यांचा युक्तिवाद. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा नागरिकांचा हक्क आहे, असेही त्या निकालात म्हटले. डिसेंबर २०२५ मध्ये राजस्थानात सुमारे १४ हजार आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटरचे प्राधान्य क्षेत्र पक्के झाले.

क्षेत्र निवडले गेले, हे बरे झाले. नान्नजला जे व्हायला हवे होते ते निदान थरमध्ये होते आहे. पण 'पक्षी की सौरऊर्जा' असा जो सामना रंगवला गेला, तो मला मान्य नाही. सौरपॅनेल सूर्याखाली कुठेही बसते. ते कालव्यावर बसते, कारखान्याच्या छतावर बसते, शहराच्या गच्चीवर बसते. माळढोक मात्र फक्त माळावर बसतो. ज्याला पर्याय आहे त्याने सरकावे, हा साधा न्याय आहे. पण कालव्यावर आणि छतावर खर्च जास्त येतो, 'पडीक' जमीन स्वस्त मिळते. म्हणजे भांडण हवामान आणि पक्ष्याचे नाही, कंपनीच्या नफ्याचे आणि पक्ष्याचे आहे. जैसलमेरच्या गावांनी देवाच्या नावाने राखलेली ओरणे याच कारणासाठी धोक्यात आली आणि तिथले लोक उंटांसह रस्त्यावर उतरले. आपल्याकडेही शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या योजनेसाठी गायराने सौरप्रकल्पांना दिली जात आहेत. योजना चांगली आहे. पण गायरान कुणाचे होते, हे विचारायला नको?

माळ कुणाच्या पोटाशी बांधला आहे?

इथे मला मुस्लिम वाचकांशी थोडे बोलायचे आहे.

'आपल्यापुढे प्रश्न काय कमी आहेत? घरांवर बुलडोझर चालतो आहे, पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या बंद होत आहेत आणि तुम्ही पक्षी घेऊन बसलात!' ही प्रतिक्रिया मला माहीत आहे. पण जरा मंडईत जाऊन पाहा. ईद-उल-अज्हाला तुमच्या दारात येणारा उस्मानाबादी बोकड कुठे वाढतो? उस्मानाबाद, लातूर, सोलापूरच्या याच माळांवर. दख्खनी मेंढी, माडग्याळ मेंढी याच गवतावर जगते. ती धनगर राखतो, आठवडी बाजारात आणतो, खाटीक आणि कुरेशी विकत घेतो, कातडे चामड्याच्या धंद्यात जाते. माळ गेला की ही पूर्ण साखळी तुटते. बोकडाचे भाव वाढले म्हणून आपण दरवर्षी कुरकुरतो, पण तो चरायचा कुठे, हा प्रश्न विचारत नाही. माळढोकाचे घर आणि धनगराचे चराऊ रान ही एकच जागा आहे.

कच्छच्या बन्नीत हेच आणखी ठळक दिसते. आशियातल्या मोठ्या गवताळ प्रदेशांत बन्नी मोडते. तिथले मालधारी पशुपालक बहुसंख्येने मुसलमान आहेत. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या, रात्री चरायला जाणाऱ्या बन्नी म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रणाचे खारेपण रोखायचे म्हणून वनखात्याने तिथे हजारो हेक्टरवर परदेशी बाभूळ पेरली. मालधारी तिला 'गांडो बावळ', वेडी बाभूळ म्हणतात. ती वेड्यासारखी पसरली आणि गवत गिळत गेली. गवत वाचवा म्हणून मालधारी सामूहिक वनहक्काचे दावे घेऊन उभे आहेत. आणि सरकारने बन्नीसाठी काय मंजूर केले? चित्त्यांचे प्रजनन केंद्र. पुन्हा पाहुणाच.

चराऊ रान राखण्याची कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. अरबस्तानात 'हिमा' नावाची व्यवस्था होती. ठराविक रान राखीव ठेवायचे आणि ते सर्वांच्या हितासाठी, नियमाने वापरायचे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेजवळ असे रान राखल्याचे सांगितले जाते. हजरत उमर (रजि.) यांनी राखणदाराला दिलेली सूचना सहीह बुखारीत नोंदलेली आहे. तिचा आशय असा : ज्याच्याकडे चार उंट, चार मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे, पण बड्या असामींच्या कळपांना आवर. त्यांचे कळप गेले तरी त्यांच्याकडे बागा आणि शेती आहे. गरिबाचा कळप मेला तर तो पोराबाळांना घेऊन माझ्या दारात उभा राहील. चौदाशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याला कळले होते की रान राखताना 'कोणासाठी' हा प्रश्न आधी येतो. आपल्या वनखात्याला हे अजून कळलेले नाही. ते चार मेंढ्यांच्या धनगराला दंड करते आणि शेकडो हेक्टर मागणाऱ्या कंपनीसाठी फाइल पुढे सरकवते.

ही परंपरा सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बेइमानी ठरेल. अरब राजघराण्यांनी बहिरी ससाणे घेऊन हुबारा या माळढोकाच्या भाऊबंद पक्ष्याची शिकार चालवली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे ताफे राजस्थानात उतरले, तेव्हा लोकांनी विरोध करून ते थांबवले. पाकिस्तानात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये या शिकारीवर बंदी घातली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती उठवली. कारण उघड आहे, आखाती देशांची मर्जी. हिमाचा वारसा सांगणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत हे घडते आणि त्यावर आपल्या सभांत कुणी बोलत नाही. चित्त्याच्या बाबतीतही 'मोगलांनी संपवला' आणि 'इंग्रजांनी संपवला' अशी भांडणे चालतात. मोगलांनी शिकारीसाठी चित्ते रानातून पकडले, इंग्रजांनी मारणाऱ्याला बक्षिसे दिली आणि १९४७ साली शेवटचे मानले जाणारे तीन चित्ते कोरियाच्या महाराजांनी एका रात्रीत मारले. पाप सर्वांमध्ये वाटलेले आहे. त्यातून उरलेले वाचवण्याची जबाबदारीही वाटलेलीच आहे.

याच समाजातून डॉ. सालिम अली आले, हेही विसरू नये. मुंबईत जन्मलेल्या या माणसाने देशाला पक्षी पाहायला शिकवले. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी माळढोकाचे नाव सुचवले होते. कारण तो या मातीचा होता आणि त्याला संरक्षणाची गरज होती. १९६३ साली मान मोराला मिळाला. इंग्रजी नावाचा उच्चार शिवीसारखा होतो म्हणून माळढोक मागे पडला, असेही सांगितले जाते. कारण काहीही असो, निवड देखणेपणावर झाली आणि गरजेची बाजू हरली. साठ वर्षांनी आपण तिथेच आहोत.

'चित्त्यामुळेच माळरान वाचेल'

चित्ता प्रकल्पाच्या समर्थकांचा सर्वांत दमदार मुद्दा हा आहे. वाघामुळे जंगल वाचले, तसे चित्त्यामुळे गवताळ प्रदेश वाचेल, असे ते म्हणतात. मुद्दा खोडसाळ नाही. त्यामागे अनेक प्रामाणिक माणसे आहेत. कुनोत पिल्ले जन्मली, वाढली, हेही मान्य केले पाहिजे.

पण ज्या कुनोत चित्ता सोडला ते मुळात शुष्क पानगळीचे जंगल आहे. त्यातली मोकळी कुरणे बरीचशी उठवलेल्या गावांची आहेत. पहिल्याच वर्षात वीसपैकी सहा प्रौढ चित्ते आणि तीन पिल्ले दगावली. त्यानंतर काही काळ उरलेल्यांना पुन्हा कुंपणात घ्यावे लागले. आणि मुख्य म्हणजे, चित्ता आल्यापासून देशातल्या किती माळरानांचे नाव 'पडीक'च्या यादीतून निघाले? चित्त्याच्या नावाने सोलापूरचा, नगरचा, बारामतीचा एक तरी माळ वाचला का? माळ वाचवायचा असेल तर त्याचा धनी माळावरच आहे. त्याला बाजूला सारून दुसऱ्याला दत्तक घ्यायचे आणि म्हणायचे की घर राखतो आहोत, हे पटत नाही.

संवर्धन सोहळ्याशिवायही होते, याचा दाखला गिधाडांचा आहे. १९९० च्या दशकापासून भारतात गिधाडे झपाट्याने मेली. पांढऱ्या पाठीचे गिधाड नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटले. मुंबईच्या पारशी समाजाला दोखम्यातल्या अंत्यविधीची चिंता पडली. कारण सापडले ते जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचे. औषध दिलेले जनावर मेले की ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ साली पशुवापरासाठी या औषधावर बंदी आली. यासाठी विमान लागले नाही, हेलिकॉप्टर लागले नाही. गिधाडे गेल्यामुळे सडलेली जनावरे, मोकाट कुत्री आणि दूषित पाणी वाढून २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास सांगतो. पक्ष्याची चिंता ही माणसाची चिंता नसते असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि अशा दूषित पाण्याने आधी कोण मरतो, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मग मागायचे काय?

मागणी साधी आहे. सरकारने दरवर्षी लेखी सांगावे की कोणत्या प्रजातीला आणि कोणत्या अधिवासाला किती पैसा दिला आणि का दिला. त्यासाठी चार प्रश्न पुरेत. हा जीव नष्ट होण्याच्या किती जवळ आहे? तो इथून गेला तर जगात दुसरीकडे आहे का? त्याला वाचवल्याने त्याच्यासोबत कोणता अधिवास, कोणते इतर जीव वाचतात? आणि या संरक्षणाची किंमत कोण मोजणार आहे? या चार कसोट्यांवर माळढोक पहिल्या ओळीत येईल. संगाई, रानम्हैस, तणमोर, बंगाल फ्लोरिकन त्याच्याजवळ येतील. आफ्रिकेचा चित्ता बराच खाली जाईल. जायला हरकत नाही. खाली असणे म्हणजे नकोसे असणे नव्हे, नंतर येणे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर माळरानाला 'पडीक'मधून काढून 'गवताळ परिसंस्था' अशी स्वतंत्र नोंद द्या. तिथे खड्डे खोदून वृक्षलागवड बंद करा. सौरप्रकल्पाला गायरान देण्याआधी ग्रामसभेला आणि तिथे चारणाऱ्या धनगराला विचारा. २००६ च्या वनहक्क कायद्याने पशुपालकांच्या चराईचा हक्क मान्य केलेला आहे, तो प्रत्यक्षात द्या. सगळा जिल्हा राखीव करू नका. निवडक माळ राखा, पण खरोखर राखा.

जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात माळढोकाची पिल्ले वाढत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. शास्त्रज्ञांनी त्यांचे काम केले आहे. ही पिल्ले एक दिवस मोकळी सोडायची वेळ येईल. तेव्हा सोडणार कुठे? त्यांच्यासाठी तारांविना, खड्ड्यांविना एखादा माळ शिल्लक असेल का, हे ठरवणे शास्त्रज्ञांच्या हातात नाही. ते तुमच्या-माझ्या ग्रामसभेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि मताच्या हातात आहे. चित्त्याचे स्वागत झाले. आता घरच्याचा जनाजा उठण्याआधी त्याच्या औषधपाण्याचे बघा.